तोंडातले मोजायचे नाहीत

आस्निया तांतेला, म्हणजे माझ्या मावशीला, एकोणीस वर्षांची होईपर्यंत पोहता येत नव्हतं, हे आज आमच्या मालोके गावात कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ती बेटाच्या आतल्या भागातली, डोंगरउतारावर कोनफळं लावणाऱ्या घरातली. लग्न होऊन खाडीवर आली तेव्हा सासरचं घर पाण्यात खांबांवर उभं होतं. भरतीला फळ्यांच्या फटींतून खाली मासे फिरताना दिसायचे. पहिले पंधरा दिवस ती भिंत धरून चालली. सोळाव्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "मला पोहायला शिकव, नाहीतर मी चालले परत कोनफळं खणायला."

रामली कमी बोलणारा माणूस. त्याने तिला पायरीवरून खाली ढकललं.

वर आल्यावर तिने त्याला दम लागेपर्यंत शिव्या घातल्या आणि मग स्वतःहून परत उडी मारली. माझी आई तिची धाकटी बहीण, त्यामुळे या शिव्यासुद्धा मला तोंडपाठ आहेत. पण त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मालोकेच्या खाडीत चापुंगान नावाचा मासा राहतो. बोटाएवढा, चांदीसारखा, अंगावर काळे उभे पट्टे आणि चतुर किड्यासारखे लांब पंख. खाण्यात त्याचा काही उपयोग नाही, एक घाससुद्धा होत नाही. पण दूरदेशी लोक घरात काचेची मोठी टाकी ठेवतात, तिच्यात खारं पाणी भरतात, प्रवाळ लावतात आणि हा मासा सोडून त्याच्याकडे बघत बसतात. गावातल्या म्हाताऱ्या सोपे नेनेला, म्हणजे सोपे आजीला, हे कधीच पटलं नाही. "बघून पोट भरतं का त्यांचं?" ती विचारायची. तांते म्हणायची, "आधीच भरलेलं असतं, नेने. म्हणून तर बघायला वेळ आहे."

बाविसाव्या वर्षापासून तांते रामलीबरोबर चापुंगान धरायला जाऊ लागली. ओहोटी लागली की कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं. तळाशी काटेगोळे, लांब काळ्या काट्यांचे चेंडूसारखे जीव, घोळक्याने बसलेले असतात. चापुंगान त्यांच्या आसपासच तरंगत असतात आणि धोका दिसला की काट्यांत शिरतात. म्हणून काठीने काटेगोळे बाजूला सारायचे, चौकटीचं जाळं समोर धरायचं आणि लहानमोठा आख्खा घोळका आत हाकायचा. दर दोन महिन्यांनी बालीहून मासे विकत घेणाऱ्या कोमांगची बोट यायची. कोमांग बोटीवर बसून निवडायचा: हा बारीक, याचा पंख फाटका, हा गेलाच. नको असलेले धक्क्यावरूनच पाण्यात फेकायचे. धक्क्याखाली ना काटेगोळे, ना आडोसा. मोठे मासे तिथे तोंड उघडून वाटच बघत असायचे.

या माशाचं अजून एक वेगळेपण आहे. मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरतो. महिनाभर तो काही खात नाही. अंडी फुटली तरी पिल्लं आतच असतात. मग एक दिवस तो तोंड उघडतो आणि चाळीसेक पिल्लं बाहेर पडतात, नखाएवढी, पण पट्ट्यांसकट पुरी. इतर बहुतेक माशांची अंडी किंवा पिल्लं पाण्याबरोबर कुठल्या कुठे वाहत जातात. याची पिल्लं बाप सोडेल तिथेच राहतात. म्हणजे एक खाडी रिकामी झाली तर शेजारच्या खाडीतून मासे येऊन ती भरत नाही.

हे मी लुवुक शहरातल्या मत्स्यविद्यालयात शिकले आणि सुट्टीत मोठ्या उत्साहाने तांतेला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकवायला त्यांना तीन वर्षं लागली? मला विचारलं असतंस तर कोनफळ सोलता सोलता सांगितलं असतं."

तिला माहीत होतं, कारण जाळ्यात सापडलेला बाप घाबरून तोंडातलं सगळं टाकून देतो. नारिंगी मण्यांच्या घोसासारखी ती अंडी तिच्या तळहातावर कितीतरी वेळा पडली होती. वीस वर्षं ती हात पाण्यात बुडवून धुवत होती आणि पुढचा मासा धरत होती. सगळेच तसं करत होते.

मग एका वर्षी कोमांगची बोट यायच्या आधी तिने आणि रामलीने सलग चार दिवस सगळी खाडी धुंडाळली. पूर्वी एका ओहोटीत मिळायचे तेवढे मासे चार दिवसांत मिळाले. पाचव्या दिवशी रामली जाळं घेऊन निघाला, तर तांते दारात बसलेली.

"चल," तो म्हणाला.

"नाही. आता धरले तर परत धरायला काही राहणार नाही."

"मग काय करायचं?"

"बंद करायचं."

"आपण बंद केलं तर काहारुची टोळी धरेल."

"म्हणून सगळ्यांनीच बंद करायचं," ती म्हणाली आणि उठून गावप्रमुखाच्या घरी गेली.

शुक्रवारच्या नमाजानंतर सभा भरली. मी तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून गावी आले होते, म्हणून मलाही बोलावलं. गावप्रमुख पा इद्रुस मऊ स्वभावाचे. प्रत्येकाचं पटतं, म्हणून निर्णय होत नाही अशी त्यांची ख्याती. काहारु त्यांच्या शेजारीच बसला होता. तो रामलीचा चुलतभाऊ, मासे धरणाऱ्या टोळीचा म्होरक्या, आवाजाने मोठा.

तांते म्हणाली, "खाडी एक वर्ष बंद ठेवू या. एकही चापुंगान काढायचा नाही."

"समुद्राला कुलूप लावतेस?" काहारु म्हणाला. "किल्ली कमरेला अडकवणार का?"

"अडकवीन. आणि तू मागायला आलास की देणार नाही."

लोक हसले. काहारुही हसला, पण त्याच्या टोळीत अकरा माणसं होती आणि त्यांना हसू येत नव्हतं. "वर्षभर खायचं काय? तुझी भाची शिकून आली म्हणून आम्ही उपाशी मरायचं?"

"शेवंड पाळू," तांते म्हणाली. हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. "बारीक शेवंडं धरायची, घराखाली खांबांना पिंजरा बांधायचा, पाच-सहा महिने पोसायची. लुवुकचे हॉटेलवाले नेतात. मी चौकशी केली आहे."

बराच आरडाओरडा झाला. शेवटी काहारुनेच अट घातली. आधी मोजणी करायची. वर्षानंतर परत मोजायची. तेव्हा खाडीत तीन हजार चापुंगान दिसले तर खाडी बंद ठेवायची की नाही, किती काढायचे, हे सगळं आस्निया ठरवेल. तीन हजारांना एकसुद्धा कमी असला तर खाडी खुली, सगळ्यांना, हवे तेवढे धरायला.

"कबूल," तांते म्हणाली. पा इद्रुसांनी तिला विचार करायला वेळ देऊ केला. "वेळ खाडीला द्या, मला नको," ती म्हणाली.

मी आणि चार जणांनी मोजणी केली. दोर टाकून खाडीचे पट्टे पाडले, प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने रेघा मारत पुढे सरकलो. तीन दिवस लागले. आकडा आला अकराशे चाळीस. मला तो फार कमी वाटला. तांते म्हणाली, "ठीक आहे. तळ कळला."

वर्ष सुरू झालं. सात घरांनी शेवंडांचे पिंजरे बांधले. तांतेचा पिंजरा पहिला. तिने बाकीच्यांना बांबू कसा बांधायचा, दार कुठे ठेवायचं, खायला काय घालायचं, सगळं शिकवलं. शेवंडं जोमाने वाढत होती. बाहेरून कोणी रात्रीबेरात्री जाळं टाकू नये म्हणून रामली खाडीच्या तोंडाशी होडी बांधून झोपायला लागला. तो बोलत नसे, पण त्याची खोकण्याची पद्धत अशी होती की चोर पळून जावा.

आठव्या महिन्यात मी म्हटलं, एकदा मोजून बघू, नुसतं अंदाजासाठी. आकडा आला बाराशे साठ.

मी पाटी तीन वेळा तपासली. एकही मासा कोणी काढला नव्हता. नर जागोजाग दिसत होते, गळा फुगलेले, तोंडं भरलेली. एका नराच्या तोंडातून चाळीस पिल्लं, असे शेकडो नर, आठ महिने. माझ्या हिशेबाने खाडी भरून वाहायला हवी होती.

बातमी लपत नाही. काहारु होडी वल्हवत घरासमोरून गेला आणि ओरडून म्हणाला, "आस्निया! कुलूप लावलंस, पण आतलं सामान कुठे गेलं?"

तांतेने चूल पेटवली, आम्हाला कोनफळ आणि तिखट लावलेला मासा वाढला, स्वतः जेवली नाही. मग पाण्यात घालायचा लाकडी चौकटीचा जुना चष्मा काढला. "पिल्लं होतात आणि जातात," ती म्हणाली. "कुठे जातात ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यापासून ती एका दगडाजवळ पाण्यात पालथी पडून राहिली. मी थोड्या अंतरावर होते. दगडाशेजारी एक नर होता, गळा इतका फुगलेला की आतल्या पिल्लांचे डोळे कातडीतून काळे दिसत होते. तास गेला, दोन गेले. माझे ओठ निळे पडले, मी दोनदा होडीत जाऊन ऊन खाऊन आले. ती हलली नाही.

मग त्याने तोंड उघडलं. पिल्लं एकेक करून बाहेर पडली. ती खाली गेली, वर आली, दगडाला फेरी मारून परत आली. लपायला काही सापडेना. खाली उघडी वाळू होती. आणि तिथेच तरंगणाऱ्या मोठ्या चापुंगानांनी, त्यांच्याच जातीच्या, त्यांच्याच घोळक्यातल्या माशांनी, ती टिपायला सुरुवात केली. शांतपणे, दाणे टिपावेत तशी. आमचं दोघींचं बघून होईपर्यंत चाळिसातली पाच-सहा उरली असतील.

तांते पाण्यातून उभी राहिली. चष्मा कपाळावर सरकवला. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"या दगडाजवळ काटेगोळे होते," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यापर्यंत होते. वीस तरी."

"मग कुठे गेले?"

"मीच नेले."

शेवंडांना खायला काटेगोळ्यासारखं काही नाही. फोडून पिंजऱ्यात टाकला की तुटून पडतात. कमरेएवढ्या पाण्यात मिळतात, फुकट मिळतात. आमच्याकडे काटेगोळा म्हणजे कोणाच्या खिजगणतीतही नसलेली गोष्ट. पायाला टोचतो म्हणून लोक त्याला शिव्या देतात. गावाने मासा बंद केला तेव्हा काटेगोळ्याचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. मी मत्स्यविद्यालयात काटे, आडोसा, पिल्लं, सगळं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि रोज सकाळी तांतेच्या पायरीवर काटेगोळ्यांची बादली बघून मी तिला नमस्कार करून पुढे जात होते.

सात पिंजरे, रोज सात बादल्या, आठ महिने. तांतेने ते स्वतः शिकवलं होतं.

घरी येऊन तिने पहिलं काम केलं ते म्हणजे पायरीवरची बादली उचलली, जिवंत होते तेवढे काटेगोळे होडीत घातले आणि त्याच दगडाशी नेऊन ठेवले. मग ओल्या कपड्यांनीच उरलेल्या सहा घरी गेली. प्रत्येक दारात तेच सांगितलं. "माझी चूक झाली. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आजपासून काटेगोळे काढायचे नाहीत."

मारविया म्हणून काहारुची बायको आहे, तिचाही पिंजरा होता. ती म्हणाली, "आधी मासा बंद केलास. आता काटे बंद. उद्या श्वास बंद कर म्हणशील. शेवंडांना काय घालू? माझं डोकं?"

"डोकीच घाल," तांते म्हणाली. "माशांची. मी आणून देते."

मारवियाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. पलीकडच्या किनाऱ्यावर बायका मासे सुकवायला घालतात, मुंडकी कापून टाकून देतात. दुसऱ्या दिवसापासून तांते पहाटे होडी घेऊन तिथे जायची, मुंडक्यांच्या बादल्या भरून आणायची आणि सातही पिंजऱ्यांवर वाटत यायची. येता-जाता दीड-दोन तास वल्हं. घराजवळ आली की वास आधी यायचा, मग ती. सोपे नेने नाकाला पदर लावून म्हणायची, "ही बघा आली अत्तरवाली."

एवढ्याने भागणार नव्हतं. खाडीतले काटेगोळे आठ महिन्यांत जवळपास संपले होते, ते आपोआप परतायला वर्षं लागली असती. बाहेरच्या प्रवाळकट्ट्याच्या उतारावर, जिथे कोणी जात नाही, तिथे ते भरपूर होते. तांतेने बांबूचा लांब चिमटा केला. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या दिवसांत, पाणी शांत असताना, ती आणि रामली तिथे बुडी मारायचे, एकेक काटेगोळा चिमट्याने उचलून ओल्या पोत्यावर ठेवायचे आणि खाडीत आणून दगडांभोवती घोळक्याने मांडायचे. एका ठिकाणचे सगळे आणायचे नाहीत, पाचांतला एक आणायचा, हे मात्र मी सांगितलं आणि तिने ऐकलं. तिच्या बोटांत काटे मोडायचे. कातडीखाली जांभळे ठिपके राहायचे. लिंबाचा रस चोळून ती परत जायची.

एकदा मी विचारलं, "तांते, चार महिन्यांत तीन हजार होतील का?"

"मला काय विचारतेस? माशांना विचार."

"आणि नाही झाले तर?"

"नाही झाले तरी काटेगोळे तर परत आले असतील ना. एक काम दोनदा करायला लागणार नाही."

अकराव्या महिन्यात काट्यांमध्ये पिल्लं दिसायला लागली. एकेका काटेगोळ्यात दहा-दहा, बारा-बारा, नखाएवढी, पट्टे लेवून. मारविया ओहोटीला शिंपले वेचताना थांबून बघायची. तिने स्वतःच्या पिंजऱ्यासाठी मुंडकी स्वतः आणायला सुरुवात केली, पण तांतेला तसं सांगितलं नाही. नुसतं एक दिवस म्हणाली, "माझ्या दारात नको थांबूस, वास मारतेस."

मोजणीचा दिवस आला. काहारुने मागणी केली की तो स्वतः मोजणार. "मोज," तांते म्हणाली. "तुझे डोळे माझ्यापेक्षा तरुण आहेत. अक्कल नाही, पण डोळे आहेत." मोजणारे पाच जण: मी, काहारु, त्याच्या टोळीतले दोघे आणि रामली. तांतेने स्वतः मोजायचं नाही असं तिनेच ठरवलं. ती धक्क्यावर बसून राहिली. तीन दिवस, सकाळची ओहोटी संपेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाट्या एकत्र केल्या. मी बेरीज केली, काहारुने केली, पा इद्रुसांनी केली. दोन हजार आठशे एकाहत्तर.

धक्क्यावर गर्दी होती. काहारुनेही थट्टा केली नाही, कारण तीन दिवस त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पा इद्रुस घसा साफ करत म्हणाले, "हे बघा, भरल्या तोंडाचे नर किती होते?"

मी पाटी बघितली. "एकशे बारा."

"मग एकेकाच्या तोंडात चाळीस. ते धरले तर तीन हजाराच्या कितीतरी वर जातं. तेही मासेच की. खाडीतच आहेत." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. लोकांत कुजबुज सुरू झाली. माझ्या मनातही तेच आलं होतं, खोटं कशाला सांगू.

"तोंडातले मोजायचे नाहीत," तांते म्हणाली.

"अगं आस्निया..."

"पा इद्रुस, आठ महिने सगळ्या नरांची तोंडं भरलेलीच होती. काय उपयोग झाला? तोंडातलं पिल्लू बापाचं. बाहेर पडून काट्यांत पोचलं तरच ते खाडीचं. आकडा दोन हजार आठशे एकाहत्तर. तीन हजार नाही. खाडी खुली." ती उठली, लुंगीचा ओचा झटकला. "अट मी कबूल केली होती."

लोक घरी गेले. आम्ही दोघी मागे राहिलो. मला रडू येत होतं. एकशे एकोणतीस मासे! एखादा महिना मिळाला असता तर सहज झाले असते. तांते माझ्याकडे बघत म्हणाली, "रडून झालं की कोमांगला फोन लाव. तुझ्या फोनवर त्याचा आवाज नीट येतो."

मी लावला. तिने सरळच सांगितलं. "पा कोमांग, मालोकेची खाडी खुली झाली. लवकर या. पण आधी सांगा, तुम्हाला मासे किती हवेत? नेमके किती?"

कोमांग म्हणाला, "साडेतीनशे. पण आस्निया बू, तुम्ही नेहमीसारखे पाचशे धरून ठेवा. दीडशे मरतुकीचे."

हा आमच्याकडचा जुना रिवाज. मागणी असेल त्यावर मरणारे धरून वरचे घ्यायचे. वाटेत मरतील, निवडताना मरतील, पिशवीत मरतील, म्हणून.

"मरतुकीचे मिळणार नाहीत," तांते म्हणाली. "साडेतीनशे मिळतील. पण ते मरणार नाहीत. पाण्यातच निवडू, हात न लावता. भरल्या तोंडाचा एकही नाही, बारीक एकही नाही. दोन दिवस टोपलीत उपाशी ठेवू, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होणार नाही. मागच्या फेरीत तुमचे किती मेले?"

"निम्मे," तो म्हणाला. "आणि आता टाकीवाले मासा पोचून जगला तरच पैसे देतात. कुठल्या खाडीचा, कसा धरला, तेही विचारतात."

"मग सांगा त्यांना, मालोकेचा. खाडीत दोन हजार आठशे एकाहत्तर आहेत, त्यातून साडेतीनशे. आणि याच पद्धतीने धरलेलेच घेणार, कोणीही आणले तरी, असं मला आत्ता शब्द देऊन सांगा."

"आकडा खरा आहे?"

"या आकड्याने मी आज खाडी हरले, पा कोमांग. खोटा सांगायचा असता तर तीन हजार सांगितला असता."

कोमांगने शब्द दिला. तांतेने फोन मला परत केला आणि त्याच पावली काहारुच्या घरी गेली. मीही मागे मागे. तो जाळी दुरुस्त करत बसला होता.

"कोमांग साडेतीनशेच घेणार आहे," ती म्हणाली. "निवडलेले. जास्त धरलेस तर तुझ्या माशांचं लोणचं घाल."

काहारुने जाळं खाली ठेवलं. "हे तू आधीच ठरवून केलंस!"

"आधी नाही. आत्ता. तास झाला."

"खाडी खुली आहे! सभेत ठरलंय!"

"खुलीच आहे. कोणी अडवलं? धर हवे तेवढे. पण घेणारा एकच आहे आणि त्याने शब्द दिलाय." ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "अकरा माणसं आहेत तुझी. मला आणि रामलीला साडेतीनशे दोन दिवसांत जमणार नाहीत. तुझ्या टोळीला जमतील. पैसे तुम्ही वाटून घ्या, मला माझा एक वाटा पुरे. पण कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा हे मी सांगणार."

आतून मारविया म्हणाली, "हो म्हण. ती तशीही तुझ्या होडीत येऊन बसणारच आहे."

काहारुने जाळं परत उचललं आणि म्हणाला, "भरल्या तोंडाचा ओळखायचा कसा? पाण्यातून मला सगळे सारखेच दिसतात."

"वीस वर्षं धरतोयस आणि सारखेच दिसतात?"

"धरत होतो. बघत कुठे होतो?"

कोमांगची बोट यायच्या तीन दिवस आधी आम्ही सगळे पाण्यात उतरलो. काठ्या घरी ठेवल्या होत्या. काटेगोळे सारायचे नाहीत, दोघांनी हळू चालत दोन बाजूंनी यायचं, मासे आपोआप एका कडेला जमतात, मग जाळं वर उचलायचं. पहिल्या वेळी काहारुच्या माणसांनी इतकी घाई केली की सगळा घोळका काट्यांत शिरला आणि एकाच्या पोटरीत चार काटे मोडले. तांते म्हणाली, "बघ, काटेगोळा पण राखण करतो."

जाळं पाण्यातच धरून ती एकेक मासा दाखवत होती. "गळ्याखाली बघ. फुगलाय? सोड. हा बारीक, सोड. हा चालेल. हा? नीट बघ."

"हा... फुगलाय," काहारु म्हणाला.

"तो जेवलाय नुसता. पोट खाली असतं, गळा वर. घे तो."

"तुझ्यामुळे मला माशांची पोटं तपासायची वेळ आली," तो पुटपुटला, पण त्याने मासा टोपलीत सोडला तो दोन्ही हातांच्या ओंजळीने, पाण्याच्या खालूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास साडेतीनशे झाले. टोपल्या तरंगत होत्या, ऊन अजून कोवळं होतं, पाणी कमरेएवढंच होतं आणि समोरच्या दगडाभोवती निदान शंभर चापुंगान लटकलेले दिसत होते. अकरा माणसं जाळी हातात घेऊन उभी राहिली. खाडी खुली असताना, मासा समोर असताना, जाळं गुंडाळायचं कसं हे त्यांच्या अंगात नव्हतं. एक जण म्हणाला, "काहारु, अजून पन्नास घेऊ. अडीअडचणीला."

काहारुने तांतेकडे बघितलं. तिने आपलं जाळं पिळलं आणि होडीत टाकलं.

"साडेतीनशे म्हणजे साडेतीनशे," काहारु म्हणाला. "गुंडाळ."

कोमांग आला, त्याने टोपलीत हात न घालता मासे बघितले, आमच्यासमोर पिशव्या भरल्या, प्राणवायू सोडला, बांधल्या. धक्क्यावरून एकही मासा पाण्यात फेकला गेला नाही, कारण फेकण्यासारखा एकही नव्हता. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. अकरा मेले होते. पुढच्या फेरीला चारशे हवेत, त्याच खाडीचे, म्हणाला.

"आधी मोजू," तांतेने सांगितलं. "मग कितीला हो म्हणायचं ते कळवते."

मोजणी आता दर दोन महिन्यांनी होते. सभेच्या कागदावर खाडी अजून खुलीच आहे. परवा तांते आणि काहारु होडीतून फिरत होते, कुठल्या दगडांना यंदा विश्रांती द्यायची ते ठरवायला. मी पाटी घेऊन मागे बसले होते. तिने पूर्वेकडचे पाच दगड दाखवले. "इथे पावसाळा संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"आणि लावला तर?" काहारुने विचारलं. "सभेत तर ठरलेलं नाही."

"नाही ठरलेलं," तांते म्हणाली. "मला रोज येऊन बघावं लागेल. लिही गं, पूर्वेकडचे पाच."